डोहापर्यंतची पैज

एकसष्टाव्या वर्षी नवऱ्याशी पैज लावणाऱ्या बाईला आमच्या हैदराबादेत हौली, म्हणजे खुळी म्हणतात, आणि ती पैज निभावायला जंगल तुडवत जाणारी तर पुरतीच हौली. मी दोन्ही केलं. केलं म्हणजे काय, वाद घालून घालून इतकी कंटाळले होते की 'हो' म्हणणं सोपं पडलं.

आम्ही अंबरपेठेत राहतो. मी शाळेत गणित शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, त्यांना घरी बसून सात वर्षं झाली. एकुलता एक मुलगा पुण्यात असतो. इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं. गेल्या वर्षापासून मात्र ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या. ते काय, सगळ्यांचंच होतं. मग गिझर दिवसभर चालू. मग दुधाचं पातेलं जळून काळं ठिक्कर, आणि हे शेजारीच स्टुलावर बसून पेपर वाचतायत. मग एकदा माझा ब्लाऊज शिंप्याकडून आणायला दिलसुखनगरला म्हणून गेले ते साडेतीन तासांनी परत आले. हातात ब्लाऊज नाही आणि शर्टाच्या खिशात पार दुसऱ्या टोकाच्या सिकंदराबादच्या बसचं तिकीट. "सहज फिरून आलो," म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मी पुढे काही विचारलं नाही. चहा टाकला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, पण आता एकटं सोडू नका. सांगायला काय जातं! एकटं सोडू नका म्हणजे आंघोळीला जाताना त्यांना आधी हॉलमध्ये बसवा, टीव्ही लावून द्या, दोन तांबे अंगावर घ्या आणि पळत बाहेर या. भाजीला जाताना दाराला बाहेरून कडी घाला. ती कडी घालताना माझा हात दर वेळी चोरट्यासारखा व्हायचा. नवऱ्याला कोंडून मेथी आणायला चालले होते मी. आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला, तो वेगळाच.

मुलगा दर रविवारी फोनवर एकच पालुपद लावायचा. आई, तुम्ही दोघं इकडे या, मी आहे, ही आहे, तुला जरा हातभार लागेल. आणि दर रविवारी हे शेजारून ओरडायचे, "मी हैदराबाद सोडणार नाही! मला काय झालंय? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मग दिवसभर घरात धुसफूस. खरं सांगते, मला जायचं होतं. हैदराबाद मलाही प्यारं आहे, जन्म गेला इथं. पण मला झोप हवी होती. कुणीतरी "तू बस, मी बघतो त्यांच्याकडे" असं म्हणायला हवं होतं. बाकी काही नको होतं.

अशाच एका रविवारी ह्यांनी फोन ठेवू दिला, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि पैज मांडली. श्रीशैलमच्या रस्त्याला नल्लमलाच्या डोंगरात एक ओढा आहे. त्याच्या काठाकाठानं एक पाऊलवाट आत जाते आणि शेवटी कड्याखाली एक डोह लागतो. नोकरीच्या सुरुवातीला ह्यांनी तिथं तीन हिवाळे तंबूत काढले होते, ओढ्यांचं पाणी मोजत.

"मी तुला त्या डोहापर्यंत नेतो आणि परत आणतो," ते म्हणाले. "कुणाला विचारायचं नाही. तू एक अक्षर बोलायचं नाही. नेलं, तर पुण्याचा विषय कायमचा बंद. चुकलो, तर म्हणशील त्या दिवशी सामान बांधतो."

"आणि हरवलो तर? तिथं वाघ आहेत, अहो."

"वाघाला म्हाताऱ्यांचं काय करायचंय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ते इतके नीट बोलत होते, इतके पूर्वीसारखे, की मला वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. ह्यांचंही समाधान, माझीही सुटका. सुटका हाच शब्द माझ्या मनात आला होता. खोटं कशाला बोलू.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी निघालो. शेजाऱ्यांची गाडी आणि त्यांचाच जुना ड्रायव्हर. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, घेतला होता, दोन बाटल्या पाणी, त्यांच्या गोळ्या, माझ्या गुडघ्यांचे पट्टे. दहा वाजता जंगल खात्याच्या नाक्यावर पोचलो. तिथल्या पहारेकऱ्यानं वहीत नावं लिहून घेतली आणि आमच्या पांढऱ्या डोक्यांकडे बघून मलाच सांगितलं, "वागू का हात छोडना नक्को, अम्मा. चार के अंदर बाहर." वागू म्हणजे ओढा. ओढ्याचा हात सोडू नका आणि चारच्या आत बाहेर या. ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो काल जन्मलाय. ड्रायव्हर सीट मागे करून आडवा झाला आणि आम्ही दोघं आत शिरलो.

वाट म्हणायला पाच किलोमीटर, पण सगळी दगडगोट्यांची. ओढा कधी पायाशी, कधी खाली झाडीत नुसता आवाज. चार ठिकाणी तो ओलांडावा लागतो, गुळगुळीत दगडांवरून. पहिल्या अर्ध्या तासातच माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आणि हे! हे काय चालत होते! हात पाठीमागे बांधून, मान किंचित पुढे, तरण्या माणसासारखे. मधेच थांबून झाडांची नावं सांगत. हा मद्दी, हा बिबा, ही इप्पा, आपण मोह म्हणतो ती. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर पुराच्या पाण्याची खूण कुठवर आहे ते दाखवलं. कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, कुठला हलतो, सगळं बरोबर. दुसऱ्यांदा ओढा ओलांडताना मी घसरले तर माझा दंड पकडून "हळू गं, घाई काय आहे," असं इतक्या ठामपणे म्हणाले की क्षणभर मी मुलाला, डॉक्टरांना, सगळ्यांनाच वेड्यात काढलं.

आणि मग मला राग आला. हो, राग. घरी ह्या माणसाला गिझरचं बटण सापडत नाही. सकाळी पायजमा उलटा घालतो, मी सुलटा करून देते. जेवल्यावर अर्ध्या तासानं विचारतो, आज जेवण नाही का? आणि इथं बघा, चाळीस वर्षांपूर्वीचे दगड ओळखीचे! हे जिंकणार, मला स्वच्छ दिसायला लागलं. जिंकणार, आणि मी उरलेला जन्म दाराला कडी घालत काढणार. मी मागून चालत होते, पिशवी खांद्यात रुतत होती, घाम पाठीवरून ओघळत होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, चुका हो. एकदा तरी चुका. नवरा चुकावा म्हणून बाईनं जंगलात देवाला साकडं घालावं, ह्याहून पडती वेळ कुठली? पण घातलं मी.

"पाणी घेतलंस ना?" त्यांनी विचारलं.

"घेतलंय."

शंभर पावलांनी पुन्हा, "पाणी घेतलंस ना?" मी पुन्हा "घेतलंय" म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाटलीच काढून हातात दिली. प्यायले आणि बाटली एका दगडावर ठेवून पुढे निघाले. मी ती उचलून पिशवीत टाकली. मनात नोंद झाली, आणि त्या नोंदीनं मला जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

बाराच्या सुमारास आम्ही फाट्यावर आलो. तिथं दोन ओढे येऊन मिळतात. वाट मोठमोठ्या धोंड्यांत संपल्यासारखी होते, आणि पलीकडे दोन्ही ओढ्यांच्या काठानं जनावरांच्या वाटा जातात, एकसारख्या. डोहाकडे ह्यातला एकच ओढा जातो. मी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एकदा इथं आले होते, पण तेव्हा नवी नवरी होते, साडी सांभाळत आले. कुठून गेलो, काही आठवत नव्हतं.

वाट आठवत नसली तरी गोष्ट मला तोंडपाठ होती. खात्यातली ही ह्यांची आवडती गोष्ट. लग्नात पंगतीला शेजारी कुणी अनोळखी बसला तरी त्याला ऐकवायचे. दोन ओढे मिळतात तिथं बसायचं, एक हात ह्या पाण्यात, एक हात त्या पाण्यात. जे पाणी थंड, ते खोल दरीतून येतं, सावलीतून येतं, तिथं वर झरा किंवा डोह असतोच. जे कोमट, ते वरच्या माळावरून उन्हात तापत आलेलं, मे महिन्याच्या आत आटणारं. नकाशा चुकेल, हात चुकणार नाही. ह्यांच्या साहेबांनी पहिल्या दिवशी त्यांना हेच शिकवलं होतं, आणि ह्यांनी पुढे हाताखालच्या प्रत्येकाला. किती वेळा ऐकलं असेल मी! ऐकताना तोंडही वाकडं केलंय, आता बास करा म्हणून.

हे थेट त्या जागी गेले. दोन धारांच्या मधे दगडांची एक अरुंद जीभ आहे, तिच्यावर चपला काढून उकिडवे बसले. बाह्या सारल्या. उजवा हात एका पाण्यात, डावा दुसऱ्या. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही आलं की मी बघतच राहिले. कामावरचा माणूस होता तो. लग्न झालं तेव्हाचा.

"हे थंड," उजवा हात वर काढून ते म्हणाले. "हे कोमट."

मी गप्प. बोलायचं नाही हे ठरलेलं होतं.

ते तसेच बसून राहिले. पुन्हा हात पाण्यात घातले. पुन्हा काढले. "हे थंड. हे कोमट." आवाज जरा खाली आला होता. मग ते आपल्याच हातांकडे बघायला लागले, एकदा ह्या, एकदा त्या. पाणी कोपरांवरून टपकत होतं. "थंड," ते पुटपुटले. "मग?"

तेव्हा मला कळलं. हातांना सगळं कळत होतं. त्याचं पुढे काय करायचं, ते गेलं होतं.

मी हे मागितलं होतं ना? तेच समोर होतं. गप्प बस, मी स्वतःला बजावलं. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं गप्प बस. हे चुकीच्या ओढ्यानं जातील, तासाभरात माळावर पोचतील, नाहीतर इथंच म्हणतील, नाही गं आठवत. आणि पुढच्या महिन्यात पुण्याला तू सकाळी सात वाजेपर्यंत झोपशील. ओठ घट्ट मिटून मी उभी होते. 

ते उठले. ओले हात शर्टाला पुसले. डावीकडे, कोमट पाण्याच्या वाटेवर एक पाऊल टाकलं, थांबले, आणि वळून माझ्याकडे पाहिलं. दिलसुखनगरच्या त्या दिवशी दारात उभे होते तेव्हाचाच चेहरा. भीती होती त्यावर. साधी भीती, आणि ती लपवायची धडपड.

मी पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि खांदा भरून आल्यासारखं करत उजवीकडे दोन पावलं सरकले. थंड ओढ्याच्या वाटेकडे मान करून उभी राहिले. बोलले नाही. एक अक्षर बोलले नाही.

"हं," जरा वेळानं ते म्हणाले. "चल. उजवीकडे."

पुढचा दीड किलोमीटर मी स्वतःला शिव्या देत चालले. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात तो हाच. कुणी सांगितलं होतं? आयती सुटका दारात आली आणि मी तिला वाट दाखवून दिली. का, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तो चेहरा बघवला नाही, बस्स. तेवढ्यासाठी मी पुढची कित्येक वर्षं गहाण टाकली. गुडघे ठणकत होते. हे पुढे चालत होते, आता हात पाठीमागे बांधलेले नव्हते.

डोह आला. तिन्ही बाजूंनी कडे, वरून एक बारीक धार, खाली हिरवं गार पाणी. ऊन म्हणून पोचत नाही तिथं. सुंदर होता, नाही म्हणत नाही, पण मला सुंदर बघायची ताकद नव्हती. मी एका धोंड्यावर बसले, पट्टे सोडले आणि पाय पाण्यात टाकले. गारठ्यानं कळ थेट डोक्यात गेली. मग हळूहळू बरं वाटलं. दशम्या काढल्या. त्यांना चटणी लावून दिली, गोळ्या दिल्या. ते मुकाट खात होते. डोह किती खोल, धार किती, काहीतरी सांगतील म्हणून मी वाट बघितली. काही बोलले नाहीत.

पैज ती पैज. मी हात धुतले आणि म्हणाले, "जिंकलात. पुण्याचा विषय बंद. परत काढणार नाही मी."

वाटलं होतं, टाळी देतील, निदान मिशीत हसतील. त्यांनी नुसती मान हलवली, डब्याचं झाकण लावलं आणि दोन वेळा दाबून बघितलं.

उतरताना चुकायचा प्रश्न नव्हता. पाणी खालीच जातं, त्याच्या सोबतीनं आपणही. फाट्यावर आलो तेव्हा हे न थांबता पुढे गेले, दोन धारांकडे बघितलंसुद्धा नाही. प्रत्येक ओलांडणीला मात्र आधी उतरून, मागे वळून मला हात दिला. मी इतकी दमले होते की शेवटच्या ओलांडणीला तो हात सोडलाच नाही, तसाच धरून नाक्यापर्यंत आले. जंगलात दोन म्हातारी हातात हात घालून! एरवी मी लाजेनं मेले असते. पावणेचार झाले होते. पहारेकऱ्यानं वहीत खूण केली, ड्रायव्हर डोळे चोळत उठला.

गाडीत बसल्या बसल्या माझे डोळे मिटले. मनात हिशेब चालू होता की सोमवारी शिंप्याकडे कधी जायचं, ह्यांना कुणाच्या भरवशावर ठेवून. शेजारणीला किती वेळा सांगायचं? तासाभरानं घाट संपला, फोनला रेंज आली आणि एकामागून एक टिंग टिंग सुरू झालं. मुलाचे सात मिस्ड कॉल. मी लावणार तोच त्याचाच आला. मी फोन कानाला लावायच्या आत ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

"आई, कुठे आहात? काळजीनं जीव गेला माझा," मुलाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मी बोलतोय रे," हे म्हणाले. "जंगलात गेलो होतो. पैज होती. हरलो मी."

मी डोळे उघडले. "अहो, काय बोलताय? जिंकलात तुम्ही. डोह दाखवलात ना मला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत, सावकाश, एकेक शब्द शोधून बोलत होते. "फाट्यावर मला पुढचं सुचेना. तुझी आई परीक्षेला देखरेख करायची तेव्हा लाडक्या पोरालाही कधी उत्तर सांगायची नाही, शाळेत नाव होतं तिचं. आज तिनं मला सांगितलं. तिला वाटतं मला कळलं नाही."

  ड्रायव्हरनं आरसा उगीच सारखा केला.

"तू ये," हे म्हणाले. "ने आम्हाला. मी कुठेही विसरणारच रे, इथं काय नि तिथं काय. पण तुझी आई फार दमली आहे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ने. हे बोललेलं मला आठवेनासं व्हायच्या आत ये, नाहीतर मी परत भांडेन."

त्यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला. वर्षभर मी जे मागत होते ते मिळालं होतं, आणि मला असं वाटत होतं की मी ते ह्यांच्या खिशातून काढून घेतलंय. मुलगा फोनवर "आई, आई" करत होता. मी त्यांच्यावरच खेकसले.

"कोण दमलंय? मी मुळीच दमलेली नाही. उगीच काहीतरी सांगू नका पोराला."

"बरं," ते म्हणाले.

आणि गाडी शहरात शिरेपर्यंत मला रडू आवरलं नाही.